खोक्याखालची बटणं

माझ्याकडे बुलबुलतरंग शिकायला येणाऱ्या मुलांच्या पुढ्यात पहिल्याच दिवशी मी एक प्लायवूडचं खोकं ठेवते. तीन बाजूंनी बंद, एका बाजूनं हात घालण्यापुरतं उघडं. मुलं ते उलटंपालटं करून बघतात, एखादा त्यात डोकंही घालतो. बुलबुलतरंग म्हणजे मांडीवर मावेल एवढी लाकडी पेटी, वर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. बाजूला दोन-तीन साथीच्या तारा असतात, त्यांना बटण नसतं. त्या आपला एकच सूर धरून बसतात, घरातल्या वडीलधाऱ्यांसारख्या. आता हे खोकं मी त्या बटणांवर पालथं घालते आणि सांगते, हात आत घाल आणि वाजव. मुलांच्या आया माझ्याकडे जरा संशयानं बघतात. गेल्या वर्षी एकीनं विचारलंसुद्धा, मॅडम, दिसल्याशिवाय पोरगं शिकेल कसं? मी म्हटलं, मी शिकले तसं. पण हे उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सांगायचं तर आमच्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव तापीच्या काठचं, शहाद्याहून एसटीनं पाऊण तासावर. घर मोठं, माणसं त्याहून जास्त. घराचे कर्ते माझे मोठे काका, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. माझे वडील साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाच्या गाड्यांचं वजन करून करून त्यांना कमी बोलायची सवय लागली होती, आकडा सांगितला की काम झालं. घरातला शब्द आबांचा. आबा वाईट नव्हते हो, हे मी आधीच सांगते, कारण असल्या आठवणींत मोठ्या काकांना फार लवकर खलनायक करतात. पहाटे केळीच्या बागेत जाऊन यायचे, आल्यावर दारात मोठ्यांदा खाकरायचे. तो खाकरा म्हणजे घंटाच. खाकरा ऐकू आला की अंगणातल्या सुना डोक्यावरचा पदर पुढे ओढून आत सरकायच्या. माझी माय सगळ्यांत धाकटी सून. आबा तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. त्यांच्यासमोर तिचं डोकं उघडं पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं आणि तिचा आवाजही त्यांनी मधे दार नसताना, थेट ऐकला नव्हता. दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाले. माय दाराआडून म्हणायची, "सांग तुन्हा आबासले, ताट वाढेल शे." आबा तीन हातांवर बसलेले, त्यांना हे स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी मी सांगेपर्यंत ते उठायचे नाहीत. जेवताना म्हणायचे, "सांग तुन्ही मायले, वरन जराखं खारं शे." मी नुसतं वळून मायकडे बघितलं तरी निरोप पोचल्यासारखा धरायचे. आज लहान मुलांना हे सांगितलं की ती हसतात. मलाही हसू येतं. पण त्या पडद्याआड दोघांचा एकमेकांवर विश्वास मोठा होता, हे मला फार उशिरा कळलं.

माय गायची. आबा शेतात असले की चुलीपुढे, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी थापताना. तिच्या माहेरी कानबाईला, म्हणजे श्रावणात घरोघरी मांडतात त्या खान्देशातल्या देवीला, म्हणायची एक चाल होती, ती आमच्या गावात कुणाला येत नव्हती. भाकरी थापायच्या तालावर ती चाल चढायची, दुसऱ्या ओळीत एका जागी अवघड वळण घ्यायची आणि परत खाली यायची. वळणाच्या जागी माय भाकरी उलटायची. त्यामुळे मला कित्येक वर्षं असं वाटायचं की त्या गाण्यात तो थप्प आवाजही लिहिलेला आहे. भाकरीबरोबर ठेचा, कच्चं तेल आणि उन्हाळ्यात वांग्याचं भरीत. असलं जेवण आणि असलं गाणं, दोन्ही मी चुलीजवळ बसून खाल्लं असंच म्हणते.

दहावी झाल्यावर आबांनीच ठरवलं. "टायपिंग शिकी ले. हापिसमा काम लागी." मुलीला शहाद्याला रोज पाठवायचं म्हणजे तेव्हा घरात केवढी चर्चा. पण आबांनी स्वतः स्टँडवर जाऊन माझा एसटीचा पास काढून आणला आणि पासावरचा माझा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. पहिली गाडी मला पावणेसातला शहाद्यात सोडायची. दुसरी धरली तर उशीर व्हायचा, म्हणून मी पहिलीच धरायची आणि टायपिंग क्लासच्या जिन्यावर बसून राहायची. क्लास स्टँडच्या मागे, वरच्या मजल्यावर. खाली पोह्यांची गाडी, समोर ड्रायव्हरांची गाड्यांना आरती चाललेली, कंडक्टर गावांची नावं पुकारतायत. पहिल्याच आठवड्यात या गोंगाटातून वरून एक आवाज खाली आला. तारेचा, पण सतारीसारखा लांबट नाही. तुटक, टपोरा, पाण्यात खडे टाकावेत तसा, आणि त्याच्या खाली एक सूर सारखा धरलेला. मी जिना चढत गेले. दार अर्धं उघडं. आत अकरा टाइपरायटर मेणकापडाखाली झाकून ठेवलेले, आणि आमचे टायपिंगचे भामरे सर खिडकीशी बसून बुलबुलतरंग वाजवतायत. त्यांचा डावा हात एका खोक्यात होता.

"कोन शे तठे?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"मी शे सर. पहिली गाडीवाली."

"मंग बाहेर कसाले उभी? मझार ये."

भामरे सर तरुणपणी लग्नाच्या बॅन्जो पार्टीत बुलबुल वाजवायचे. मग टाइपरायटर दुरुस्त करायला शिकले, मग स्वतःचा क्लास काढला. गावात त्यांना कुणी वादक म्हणायचं नाही, टायपिंगवाले सरच म्हणायचे, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. हात काय तो एकच, असं म्हणायचे. टायपिंग शिकवताना ते मुलींच्या बोटांवर खोकं घालायचे, म्हणजे नजर अक्षरांवर जायला नको. सगळ्याच क्लासमधून तेव्हा काही ना काही झाकायची पद्धत होती. सरांनी तीच पद्धत उचलून बुलबुलला लावली. त्यांच्या मते टायपिंगमध्ये जे चालतं ते वाद्यात चालायलाच पाहिजे, कारण बटणं दोन्हीकडे तशीच. "डोया बोटसवर ऱ्हायना का कान झोपी जास," असं ते सांगायचे आणि माझा हात खोक्यात सरकवायचे. आधी कुठलंही गाणं नाही. टायपिंगला ए-एस-डी-एफ गिरवतात तसं इथे सा-रे-ग-म, एकेक बोट, एका लयीत, तासच्या तास. चुकलं तर ते ओरडायचे नाहीत. पलीकडच्या टाइपरायटरची घंटी टिंग करून वाजवायचे. मी माझ्या आयुष्यात बरेच गुरू बघितले, त्यांतले काही मोठ्या नावाचेही. पण शिष्याची चूक इतक्या कमी आवाजात सांगणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

आणि काय वाजवायचे! तार लावताना ते सुरासाठी हार्मोनियम समोर घ्यायचे नाहीत. स्टँडवरच्या गोंगाटात कान देऊन थांबायचे, मग साथीच्या तारेचा खुंटा चावीनं केसभर पिळायचे आणि तार बरोबर जागेवर. एखाद्या सकाळी ते भैरवी धरायचे तेव्हा खालचा पोहेवाला पळी आपटायचा थांबायचा, हे मी वरून पाहिलंय. आठ वाजले की सर वाद्य कपाटात ठेवून मेणकापडं काढायचे आणि तासाभरात त्या खोलीत अकरा यंत्रांची अशी खडखड चालायची की सकाळचं ते सगळं स्वप्न वाटावं. मला त्या माणसाचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. टायपिंग संपता संपता मायची ती चाल मी खोक्याखाली बसवली. सरांनी दुसऱ्या ओळीतलं वळण माझ्याकडून चाळीस-पन्नास वेळा करून घेतलं आणि मग म्हणाले की संध्याकाळी लहान मुलांचा बुलबुलचा वर्ग काढायचं माझ्या मनात आहे, तो तू घे.

तोवर टायपिंगची परीक्षा मी पास झाले होते आणि पासाची मुदतही संपली होती. घरी पेढे आले. आबा म्हणाले, आता हापिसाची जाहिरात निघेपर्यंत घरी राहा, रोज जायचं कारण संपलं. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, सकाळचं शिकणं, खोकं, मुलांचा वर्ग. पेढा आबांच्या हातातच राहिला.

"बुलबुल? ते लगनमा वाजाडतस ते?"

"हा, आबा."

"आपली आंडेर वरातमा वाजाडी का?"

मी म्हटलं, वरातीत नाही, मुलांना शिकवीन. आबांना ते पटलं की नाही कळलं नाही. घरची लेक नवरदेवाच्या घोड्यापुढे नखी घेऊन चाललीय, असलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार.   दोन दिवस निरोपांची ने-आण बंद, त्यामुळे वरण खारट झालं तरी कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी मला बोलावलं. "कानबाईले बठा भाऊबंद येतस. त्यासना म्होरे वाजाड. तुन्हा सरसले बी बलाव. आयकसूत, मंग पासनं देखसूत." म्हणजे सगळं एका वाजवण्यावर आलं. चांगलं झालं तर शहादा, नाही तर घर आणि मग स्थळं बघणं. हे मला कळत होतं आणि दाराआडच्या मायलाही कळत होतं.

श्रावणातल्या त्या रविवारी आमच्या घरात पन्नास-साठ माणूस जमायचं. माणशी मूठ मोजून घेतलेल्या गव्हांचे रोट, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. चौरंगावर कानबाई मांडलेली, नारळाला नथ, बांगड्या, हिरवं खणाचं वस्त्र. बायकांची गाणी, धूप, आणि मधूनच कुणा बाईच्या अंगात येणं. कानबाई अंगात आली की सगळे तिला हळदकुंकू लावून प्रश्न विचारतात, विहिरीला पाणी लागेल का, पोराचं जमेल का. दुपारी नैवेद्य झाल्यावर सर आले, स्वच्छ पांढरा सदरा, काखेत बुलबुल. मी त्यांच्या मागे बघितलं.

"सर, खोकं?"

"आते तुले खोकानी गरज नही," ते हसून म्हणाले. "तुन्हा हातले बठं याद शे."

त्यांचा माझ्यावर केवढा भरवसा, या विचारानं मला इतका आनंद झाला की भीती वाटायचं राहूनच गेलं.

पाटावर बुलबुल ठेवलं. समोर खुर्चीवर आबा, त्यांच्या बाजूला सर, मागे सगळे भाऊबंद. बायका स्वयंपाकघराच्या दाराशी. मी नखी घेतली, मायची चाल सुरू केली आणि पहिल्यांदाच, खरंच पहिल्यांदाच, माझा स्वतःचा डावा हात वाजवताना मला दिसला. कुणाचा तरी भलताच हात वाटला तो. बोटं जातायत कुठे, हे बघायला लागले आणि बोटं बिचकली. पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसरीत त्या वळणाशी आले तर शेजारी-शेजारी एवढी बटणं दिसली की कुठलं आपलं हेच कळेना. भलतंच बटण दाबलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. मागे कुणीतरी हसलं. सरांचा चेहरा मी बघितला. त्यांना आपली चूक समजली होती, पण एवढ्या माणसांत उठून काय करणार.

तेव्हा मी केलं ते कुणीही केलं असतं, डोळे घट्ट मिटले. पण कानबाईपुढे डोळे मिटून बसलेली मुलगी म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ. सुंदरकाकू, माझ्या वडिलांची चुलत वहिनी, बसल्या जागेवरून म्हणाली, "आई उनी. अरे, कुंकू लई या." मी डोळे उघडेपर्यंत माझ्या कपाळावर मळवट भरला होता आणि काकू समोर हात जोडून विचारत होती, "कोन शे माय तू? बोल."

"काकू, मी शे. विमल."

सगळं घर हसलं. मीही हसले असते, पण मला रडू यायला लागलं होतं. आता ते मिटल्या डोळ्यांचं दारही बंद झालं होतं. आबांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. ते उठायच्या बेतात होते. ते उठले असते तर विषय संपला असता.

दाराशी बांगड्या वाजल्या. माय उठली. पन्नास माणसांतून वाट काढत ती सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या डाव्या बाजूला पाटाशी टेकली. मला वाटलं मला उठवायला आलीय. तिनं एका हातानं स्वतःच्या डोक्यावरचा पदर खाली ओढला आणि दोन्ही हातांत ताणून माझ्या हातावर, बटणांवर धरला. जेठासमोर, भाऊबंदांसमोर, दिवसाढवळ्या तिचं डोकं उघडं होतं. भांगातलं कुंकू, कानापाशी पिकायला लागलेले केस, सगळं. मी तिचे केस इतक्या माणसांत कधी पाहिले नव्हते.  नंतर सुंदरकाकू म्हणत राहिली की घरात टॉवेल नव्हते का. होते की. पण टॉवेल शोधायला आत जाऊन येईपर्यंत आबा उठले असते.

मी आबांकडे बघायचं धाडस केलं. ते उठलेच होते. त्यांनी खुर्ची उचलली, अर्धी फिरवली, भिंतीकडे तोंड केलं आणि आमच्याकडे पाठ करून परत बसले. मग नेहमीच्या आवाजात, जेवताना सांगायचे तसंच म्हणाले, "विमल, सांग तुन्ही मायले, मी भितकडे देखी ऱ्हायनू. आनि तू वाजाड."

त्यांचं बघून मागच्या दोन-चार म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या. निम्मं घर भिंतीकडे बघत होतं आणि मी वाजवत होते. पदराखाली मायच्या हातांना भाकरीच्या पिठाचा वास होता. हात दिसेनासा झाला तसा तो पुन्हा माझा झाला. पहिली ओळ गेली, दुसरीतलं वळण आलं आणि गेलं, मला कळलंसुद्धा नाही. तिसऱ्या फेऱ्याला माझ्या कानाशी माय बारीक आवाजात गायला लागली. मग दाराशी बसलेल्या बायकांनी ऐकत ऐकत चाल उचलली. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज थेट ऐकला तो असा, भिंतीकडे बघत.

वाजवणं संपलं तरी आबा वळले नाहीत. मायनं पदर डोक्यावर घेतला, आत गेली, बांगड्यांचा आवाज दाराआड थांबला, तोवर ते तसेच बसून राहिले. मग भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाले, "पास कव्हय संपना?"

"परीक्षा झायी तव्हयच, आबा."

"मंग नवा काढी ले."

सर निघताना मला अंगणात भेटले. एवढा मोठा माणूस, पण खाली मान घालून म्हणाला, "चूक मन्ही शे. झाकीसन वाजाडाले शिकाडं, उघडं वाजाडाले शिकाडाले भुली गऊ." त्यानंतर त्यांच्या क्लासात शनिवारी खोकी कपाटात राहू लागली. माझ्याही क्लासात राहतात. पाच दिवस झाकून, शनिवारी उघडं, सगळ्यांसमोर. सर गेले, टाइपरायटर भंगारात गेले, आता लग्नात बुलबुलला वीज जोडून ते अशा आवाजात वाजवतात की खिडक्या हादरतात. पण त्या पोरांमधली तीन-चार माझ्या खोक्यातून गेलेली आहेत. वरात दारावरून गेली की मी गॅलरीत उभी राहून त्यांचा डावा हात बघते. चांगला चालतो. आबांना जी भीती वाटली ती अशी दुसऱ्यांच्या पोरांच्या हातून खरी झाली, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

माय शेवटची दोन वर्षं माझ्याकडे शहाद्याला होती. आबा तोवर गेले होते, पदर घ्यायला समोर कुणी उरलं नव्हतं, तरी घ्यायची. शनिवारी मुलं वाजवायला बसली की ती कोपऱ्यातल्या खुर्चीत ऐकत असायची. एकदा मुलं गेल्यावर मी तिला विचारलं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते. त्या दिवशी आबांपुढे डोकं उघडं टाकलंस, तुला काहीच वाटलं नाही का गं?

तिनं पदर सारखा केला.

"मन्हं काय," ती म्हणाली, "मन्हं डोकं रोजच झाकेल ऱ्हास. त्या दिन तुन्हा हात उघडा पडी गया व्हता."